मायच्या फोनातली नावे

गेल्या पावसाळ्यात आमच्या मायचा बटणांचा जुना फोन अखेर बंद पडला. माय शिरपूर जैनला गावच्या घरी एकटी राहते. आम्ही नोकरीनिमित्त वाशीमला. आमच्या भाच्याने पहिल्या पगारातून आजीसाठी टचचा मोठा फोन आणला आणि तो आमच्या हाती देत म्हणाला, "मामा, फोन चालू करून देल्ला हाय. आता नावं तेवढी भरून द्या." 'तेवढी' हा शब्द तो सहज बोलून गेला. त्या तेवढ्या कामात आमचे दोन रविवार गेले, आणि नंतर आम्ही स्वतःचाही फोन उघडून बसलो. वाचकहो, त्याचीच ही हकिकत.

मायच्या जुन्या फोनातली नावे सिमकार्डात होती. सिमकार्डात नाव आणि नंबर एवढेच मावते, तेही थोडक्या अक्षरांत. माय शाळेत गेलेली नाही. त्यामुळे तिच्या फोनात नाव टाकायचे तर ज्याच्या हाती ती फोन देईल, तो टाकील ते नाव. एक 'भाऊ' होता, एक 'भाऊ १' आणि एक 'भाऊ नवा'. यांतला 'भाऊ' म्हणजे आम्ही असू अशी आमची समजूत. तो निघाला सिमकार्ड विकणारा दुकानदार. त्याने पहिले नाव स्वतःचेच टाकून ठेवलेले. आम्ही 'वाशीम' या नावाने होतो आणि आमची बहीण 'रिसोड' या नावाने. 'मुलगा' म्हणून जो नंबर होता, तो लावून पाहिला तर गॅसचे सिलिंडर आणणारा पोरगा बोलला. "मंग तू फोन कशी लावत होती माय?" असे विचारले तर म्हणाली, "खालून तिसरा म्हंजे तू." नवे नाव कुणी भरले की ही जागा सरकत असे आणि मायचा फोन भलत्याच घरी जात असे. वर्षभरापूर्वी तिचा फोन येणे मध्येच बंद झाले होते, आणि आम्ही मनात धरून बसलो होतो की ती रागावली आहे!

आमच्या पिढीला फोनातले नाव ही गोष्टच उशिरा मिळाली. नव्वदच्या दशकात आपल्या लग्नपत्रिकांवर फोन नंबरापुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरे असत. म्हणजे फोन दुसऱ्याच्या घरी. तो बोलावून आणील किंवा निरोप देईल. आमच्या वस्तीचा पी. पी. नंबर एका किराणा दुकानाचा होता. मुंबईला गेलेल्या पोराचा फोन आला की दुकानातला पोऱ्या वस्तीच्या तोंडाशी येऊन हाक मारी. ती हाक आमच्या वडिलांच्या नावाची असे, पण शेपटाला 'या' लावून. पोऱ्या दहा वर्षांचा, वडील पन्नाशीचे. वडील हात पुसत जात आणि दुकानाच्या पायरीखाली उभे राहून, रिसीव्हर वरून खाली ओढून घेऊन बोलत. भारतात मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. आमच्या घरात तो यायला पुढे बारा-पंधरा वर्षे लागली. वडिलांनी तो हातात घेऊन पहिली गोष्ट विचारली, "याच्यात आपलं नाव कुठी लिवून असते?" आपले नाव आपल्या फोनात नसते, ते दुसऱ्यांच्या फोनात असते, हे त्यांना समजावता समजावता आमची पुरेवाट झाली. आता वाटते, प्रश्न त्यांनी बरोबर विचारला होता.

तर मायचा नवा फोन. अक्षरओळख नाही म्हटल्यावर फोटोंवर भिस्त. प्रत्येक नावाला फोटो लावता येतो आणि जवळच्या माणसांना चांदणी देऊन वर आणता येते. आमच्या फोनाच्या पहिल्या पडद्यावरच एकेकाचा फोटो असा मांडता येतो, की त्यावर बोट ठेवले की थेट फोन लागतो. आम्ही उत्साहाने सगळ्यांचे फोटो लावले. मायने पाहून सांगितले, "हे समदे सारखेच दिसतात." लग्नातल्या फोटोंतून कापलेली तोंडे, फेटे बांधलेली! मग रीत बदलली. बहिणीचा फोटो तिच्या दारातल्या लिंबाखाली काढून मागवला. गॅसवाल्याला सिलिंडरचे चित्र. ऑटोवाल्याला त्याचा हिरवा ऑटो. डॉक्टरांना मायच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट. हे तिने स्वतः सुचवले. आशाताईला त्यांची पिशवी. आणि आम्हां भावंडांना वेगवेगळी रिंगटोन, म्हणजे चुलीपाशी बसूनच कळावे कोणाचा फोन आहे. फोनात तातडीच्या माहितीचा एक भाग असतो. त्यात भरलेले जवळच्यांचे नंबर फोनाला कुलूप असतानाही दुसऱ्याला दिसू शकतात. तिथे आमचा, बहिणीचा आणि भाच्याचा नंबर घातला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनात हे काम आजच करून ठेवावे, एवढे मात्र आग्रहाने सांगतो.

खरी गंमत पुढे आली. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घराघरांतून धोंड्या, कचरू, दगडू ही नावे मागे पडली आणि सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे आली. आनंदाचीच गोष्ट. पण फोनात त्याचा परिणाम असा, की मायच्या यादीत सिद्धार्थ पाच, राहुल चार आणि मिलिंद तीन निघाले. आडनावे लावावीत तर पाचांतल्या तिघांचे आडनाव एकच. म्हणून आडनावाच्या खान्यात गाव घातले. मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर असे करता करता आम्ही स्वतःच्या गावापाशी आलो आणि हसू आले. कारण आमच्या गावाचीही तीच कथा आहे. शिरपूर महाराष्ट्रात एकच नाही. धुळे जिल्ह्यातले शिरपूर तालुक्याचे ठिकाण, जास्त नावाजलेले. आमच्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या जुन्या मंदिरावरून 'जैन' हे शेपूट आहे. पुण्याला आमच्या भाच्याने पत्ता सांगितला की समोरचा विचारतो, "तुम्ही जैन का?" भाचा म्हणतो, "नाही, आमचं गाव जैन आहे." ओळखू यावे म्हणून खूण लागतेच, गावाला लागते तशी माणसालाही. प्रश्न खूण कोणती लावायची हा आहे, आणि तो आम्हांला पुढे चांगलाच भोवला.

त्याआधी 'आयु.'ची गोष्ट. आमच्या एका मित्राने आदराने सर्वांच्या नावाआधी, नावाच्याच खान्यात 'आयु.' लिहिले. झाले काय, त्याच्या फोनातला सारा समाज 'आ' या अक्षराखाली रांगेने उभा! दुसऱ्या एकाच्या फोनात 'जयभीम भाऊ', 'जयभीम मालेगाव', 'जयभीम बँकवाले' असे सगळे 'ज'खाली. वास्तविक नावाआधीच्या किताबासाठी फोनात निराळा खाना असतो. तो सहसा झाकलेला असतो. 'आणखी' अशा अर्थाच्या शब्दावर दाबले की उघडतो. त्यात 'आयु.' लिहिले की आदरही राहतो आणि, आमच्या फोनात तरी, सिद्धार्थ 'स'खालीच सापडतो.

त्या झाकलेल्या खान्यात आम्हांला आणखी एक शब्द लिहावा लागला. वडील २०२१ साली गेले. त्यांचा नंबर आमच्याने यादीतून काढवला नाही, आणि मायच्या नव्या फोनातही आम्ही तो फोटोसकट भरला. का भरला, याला उत्तर नाही. पहिल्याच आठवड्यात मायने त्या फोटोवर बोट ठेवले. चुकून ठेवले की मुद्दाम, तेही आम्ही विचारले नाही. फोन लागला. पलीकडून एक तरुण मुलगा म्हणाला, "हॅलो, कोन बोलता?" बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस राखून मग कंपन्या तो दुसऱ्याला देऊ शकतात, हे आम्हांला वाचून माहीत होते. मायला कुठून माहीत असणार? ती म्हणाली, "कोनाचा रे तू?" तो यवतमाळकडचा, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. मायने त्याला जेवला का विचारले. हे सारे तिने आम्हांला फार शांतपणे सांगितले आणि वर म्हणाली, "पोरगं चांगलं हाय, पन त्यायच्या फोटोवर त्याचा आवाज नको."

मग आम्ही नंबर काढला आणि नोंद ठेवली. बिननंबराची नोंदही फोनात राहू शकते. नावाआधीच्या खान्यात 'कालकथित' लिहिले, फोटो तोच ठेवला आणि तारखेच्या खान्यात त्यांचा स्मृतिदिन. आता त्या फोटोवर बोट ठेवले तर फोन कुठेच लागत नाही. नुसता चेहरा मोठा होतो.

आता भोवले ते सांगतो. अनोळखी नंबर कुणाचा ते पडद्यावर दाखवणारी ॲप्स आली आहेत. ती आपल्या नंबराला नाव कुठून आणतात? बहुधा लोकांनी आपापल्या फोनात जी नावे लिहिली आहेत, त्यांवरूनच. सिमकार्डाच्या अर्जातले नाव फोन आल्यावर दिसावे, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. ॲपमध्ये मात्र लोक म्हणतील ते आपले नाव. भाच्याने गंमत म्हणून आजीचा नंबर अशा एका ॲपमध्ये टाकला, तर नाव आले 'निंदणवाली बाई शिरपूर'. भाचा संतापला. आमचेही कान तापले. वीस वर्षे मायने बायांची टोळी घेऊन लोकांच्या वावरात निंदण आणि सोयाबीनची सवंगणी केली. तिचे नाव कोणा शेतकऱ्याला माहीत नसावे? माय मात्र हसली. "त्यात काय वाईट हाय बाप्पा? माह्या टोळीवानी निंदन कोनाचंच नोतं. मालेगावपावतर लोक बलावत." आम्ही गप्प झालो. कामाचे नाव तिला टोचले नाही.

आम्हांला टोचले ते दुसरेच. आमचे आडनाव इथे देत नाही. वऱ्हाडात ते तीन-चार समाजांत सापडते एवढे पुरे. कचेरीत आमच्या शेजारच्या टेबलावर एक स्नेही बसतात. जिवाभावाचे. वडील गेले तेव्हा टाळेबंदीच्या धास्तीतही हे गृहस्थ दारात उभे राहिलेले. एकदा त्यांचा फोन फायलींत हरवला, म्हणून आम्ही आमच्या फोनावरून त्यांना रिंग दिली. फायलींखाली उजेड पडला. आम्हीच फोन उचलला, आणि पडद्यावर आमचे आडनाव दिसले आणि पुढे कंसात दोन अक्षरे : 'जे. बी.' क्षणभर वाटले, ज्युनिअर वगैरे काही असेल. मग लक्षात आले. जयभीम. त्या कचेरीत आमच्या आडनावाचे आणखी एक गृहस्थ आहेत, दुसऱ्या समाजाचे. त्यांच्या आडनावापुढे काय लिहिले आहे ते आम्ही तिथेच पाहिले. 'लेखा विभाग.'

म्हणजे त्यांची खूण खात्याची आणि आमची जातीची. आम्हीही खात्यातच आहोत की!

जयभीम हा शब्द आम्ही दिवसातून वीस वेळा अभिमानाने उच्चारतो. मग तोच शब्द कंसात गेला की का बोचतो? आम्ही यावर बराच विचार केला. जात पडताळणीच्या कागदांसाठी आम्ही एकदा जुन्या कोतवाल बुकाची नक्कल काढली होती. आजोबांच्या जन्माच्या नोंदीत बाळाचे नावच नाही. अमक्यास मुलगा, एवढेच. पुढे जात मात्र स्पष्ट, वळणदार अक्षरांत. लिहिणाऱ्याला तेवढेच माहीत असणे पुरेसे वाटले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी पूर्ण नावाची नोंद झाली. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आमच्या आजोबांच्या वाट्याला असा पट कधी आला नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि पाट्या बदलू लागल्या. पण खिशातल्या यादीवर कोणता शासननिर्णय चालणार?

स्नेह्यांना आम्ही फोन परत दिला आणि काही बोललो नाही. त्यांना कळले असावे, कारण दुपारच्या चहाला ते स्वतःहून म्हणाले, "दोघं एकाच नावाचे, म्हणून गडबड होत होती हो. मग काय लिहू, सांगा." त्यात माफी नव्हती आणि उर्मटपणाही नव्हता. खरोखरच विचारत होते. आम्ही म्हणालो, "पहिलं नाव लिहा की." पंधरा वर्षांच्या ओळखीत त्यांना आमचे पहिले नाव लगेच आठवेना. आम्हांला तरी त्यांचे पहिले नाव कुठे फोनात होते? तिथे 'जोशी साहेब' होते.

त्या रात्री आम्ही आमचा फोन उघडला. वाचकहो, हा भाग लिहिताना हात अडखळतो. 'मारवाडी किराणा' होते. 'खान मेकॅनिक' होते. 'पारधी मुलगा (शिष्यवृत्ती)' होते. ज्या मुलाचा अर्ज आम्ही स्वतः मोठ्या कळकळीने भरून दिला, त्याचे नाव आम्हांला अर्जापुरते माहीत होते. आणि होती 'झाडूवाली'. आमच्या कचेरीत गेली आठ वर्षे झाडलोट करणारी बाई. पुढे 'बाई' हा शब्दही नाही. मायचे 'निंदणवाली बाई' पाहून तापलेले आमचे कान त्या वेळी कुठे होते?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना थांबवून नाव विचारले. वाटले होते, त्यांना बरे वाटेल. त्यांचा चेहरा उतरला. "काऊन साहेब? कोनी तक्रार केली का?" आठ वर्षांत कोणी नाव विचारले नव्हते, आणि आता विचारले म्हणजे कामावरून काढणार, असाच त्यांनी अर्थ घेतला. समजूत घालायला पाच मिनिटे गेली. मग त्यांनी नाव सांगितले, पदर नीट करून, आडनावासकट. आम्ही त्यांच्यासमोरच लिहिले आणि दाखवले. त्यांना वाचता येते, हेही तेव्हाच कळले. आम्ही ऱ्हस्व लिहिलेली वेलांटी त्यांनी दीर्घ करायला लावली.

बाकीची नावे बदलायला महिना लागला. सगळी बदलली असेही नाही. 'पाणी टाकीवाला' तसाच आहे, कारण तो टाकी साफ करतो आणि फोनही उचलत नाही. काही नावे आमच्या रागाची आहेत, ती राहू द्यावीत. मेकॅनिकला त्याचे नाव विचारले तर तो म्हणाला, "खानच लिहा, सगळे तेच म्हणतात." ज्याची त्याची मर्जी. स्नेह्यांच्या फोनात आता आमचे पूर्ण नाव आहे. कंस गेला की नाही ते आम्ही पाहिलेले नाही.

शेवटच्या रविवारी शिरपूरला मायला हे सारे सांगितले. ती ज्वारी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "अन् मी तुह्या फोनात कोन हाय?"

"माय."

"नुसती माय? माय त साऱ्यायलेच असते. फोन हरवला अन् दुसऱ्याच्या हाती गेला त त्याले काय समजन?"

म्हणून तिची नोंद उघडली. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांत आधी आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव लिहायचे, असा राज्याचा निर्णय आहे. मायला तो लागू नाही. पण आम्हांला ती रीत आवडली आहे. तिचे नाव लिहिले आणि पुढच्या जागेपाशी आमचे बोट थांबले. आमच्या आजीचे, म्हणजे मायच्या मायचे नाव काय, हे आम्हांला माहीतच नव्हते. आम्ही तिला 'बुढी' म्हणत असू, गाव तिला गावाच्या नावाने हाक मारी.

मायने नाव सांगितले. आम्ही टाईप केले आणि मोठ्याने वाचून दाखवले.

"हं," ती सुपातल्या ज्वारीकडे पाहत म्हणाली, "पन शेवटी बाई लाव."